पहिला चौकोन

त्याला सगळे बंदचालू म्हणायचे. कुणाचा कॉम्प्युटर रुसला, प्रिंटर अडून बसला, पडदा काळा पडला की फोन त्याला जायचा आणि पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बंद करून परत चालू करा." बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. नाही भागलं तर तो बॅग खांद्याला लावून स्वतः हजर व्हायचा. हे नाव ठेवलं त्याच्याच बायकोनं, आणि कुठलीही गोष्ट घरापुरती ठेवणं तिच्या स्वभावात नसल्यामुळे ते बघता बघता रस्त्याच्या टोकाच्या दुकानापर्यंत पोचलं. त्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

बायको घरीच शिवणाचे वर्ग घ्यायची. बाहेरच्या खोलीत ओळीनं शिलाई मशिनं, जमिनीवर चिंध्या आणि सगळ्यावर तिचा आवाज. येणाऱ्या बाया शिवण शिकायच्या ते शिकायच्याच, पण तिचं बोलणं ऐकायलाच जास्त यायच्या. तिची जीभ कात्रीसारखी चालायची. आणि तिच्या तोंडचा पहिला शब्द नेहमी "नाही" असायचा. चहा घेतेस? नाही. जरा फिरून येऊ या? नाही. मग थोड्या वेळानं बघावं तर बाई चप्पल घालून दारात उभ्या, वर "तुम्हालाच उशीर होतो" असं ऐकवायला मोकळ्या. लग्नाचं विचारलं तेव्हाही ती आधी नाहीच म्हणाली होती. त्यामुळे तिच्या नाहीचा बंदचालूनं कधी धसका घेतला नाही. थोडं थांबायचं, तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचं, मग होतं सगळं, हे त्याला पाठ झालं होतं.

मग एके दिवशी तिला सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांचा नंबर वाढला असेल म्हणून दोघं हसले. पुढे हातातून कात्री पडायला लागली, जिना चढताना पाय अडखळायला लागला, आणि कात्रीसारख्या जिभेला शब्द जड व्हायला लागले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. स्नायू एकामागून एक निकामी करत जाणारं दुखणं. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, मग श्वास. डोकं मात्र पूर्ण शाबूत राहील, आणि डोळे बहुधा सगळ्यात शेवटी जातील. औषध नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य लोकांना "होईल, ठेवून जा" असं सांगण्यात घालवलं, त्याला पहिल्यांदाच "होणार नाही, घेऊन जा" असं ऐकावं लागलं.

त्या दिवशी दोघं खूप रडले. दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला, कारण दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

तिचं बोलणं लोकांना कळेनासं झालं तेव्हा त्यानं मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणला. ती एका बोटानं लिहायची आणि कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवायचा. बोट उचलेना तेव्हा त्यानं तळहाताखाली फिरणारा गोळ्याचा माउस जोडला. तळहात थकला तेव्हा अंगठ्याखाली एकच मोठं बटण दिलं. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जायचं, हवं ते आलं की अंगठा दाबायचा. अंगठाही गेला, तेव्हा पडद्याच्या खाली एक लांबट पट्टीसारखा कॅमेरा आला. तो तिचे डोळे बघायचा. ती जिथे बघेल तिथे पडद्यावर एक हिरवा ठिपका जायचा, आणि जिथे ठिपका क्षणभर थांबेल ते अक्षर उमटायचं. प्रत्येक नवीन वस्तू म्हणजे तिच्या शरीरातलं आणखी काहीतरी गेल्याची खूण होती, पण जोडताना बंदचालूला तसं वाटायचंच नाही. जोडताना त्याला नुसता आनंद व्हायचा. वस्तू चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बसला, वस्तू ओळखली गेली, टुंग असा आवाज आला की तो लहान मुलासारखा तिच्याकडे वळून म्हणायचा, "बघ, चाललं!"

एकदा काहीतरी शोधताना त्यानं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या वस्तूंची यादी, उघडला आणि लपलेली उपकरणंही दाखवायला सांगितलं. जे आता जोडलेलं नाही पण कधीकाळी जोडलं होतं, ते सगळं कॉम्प्युटर फिकट अक्षरांत लक्षात ठेवतो. कीबोर्ड फिकट, गोळ्याचा माउस फिकट, बटण फिकट. गिऱ्हाइकांच्या मशिनमधलं असलं भंगार तो पहिल्या फटक्यात उडवून टाकायचा. इथे त्याचा हात चालेना. त्यानं पडद्यावरची ती यादी मिटली, बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला. बाहेर आला तेव्हा पडद्यावर एक वाक्य तयार होतं. कॉम्प्युटरमधल्या बाईनं ते सपाट, नम्र आवाजात वाचलं, "पाणी वाया घालवू नका. रडायचं तर इथे रडा."

त्या आवाजाबद्दल ती पहिल्याच दिवशी बोलली होती. डोळ्यांनी एकेक अक्षर वेचून तिनं लिहिलं होतं, "ही बाई माझ्यापेक्षा फार सभ्य आहे. तुमचं हिच्याशी छान जमलं असतं."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीपायी घडलं. कॅमेरा आल्यानंतर थोड्याच दिवसांनी बंदचालू भाजी आणायला खाली गेला होता. तेवढ्यात पडद्यावर एक खिडकी उघडली. नवीन अपडेट आलंय, आत्ता घेणार की नंतर? ती खिडकी नेमकी तिच्या अक्षरांवर येऊन बसली. तिला ती डोळ्यांनी हलवता येईना, हाक मारता येईना. अंगाखाली हात मुरगळला होता. तो परत येईपर्यंत ती तशीच, दुखणं सोसत, त्या निर्बुद्ध प्रश्नाकडे बघत पडून होती. परत आल्यावर त्यानं पिशवी टाकून आधी तिचा हात सोडवला.

दुरुस्तीच्या धंद्यात त्याचा एक नियम होता. मशिन परत देताना गिऱ्हाइकासमोर एकही इशाऱ्याची खिडकी उघडता कामा नये. लोक घाबरतात, चुकीचं दाबतात आणि मग बोल आपल्याला लागतो. इतकी वर्षं तो परक्यांसाठी जे करत होता ते त्यानं त्या संध्याकाळी बायकोसाठी दातओठ खाऊन केलं. अपडेट, सूचना, इशारे, "नक्की ना?" असं विचारणाऱ्या खिडक्या, सगळ्यांची तोंडं त्यानं बंद केली. सुरू होताना एखादी वस्तू सापडली नाही तरी बोंब मारायची नाही, गुपचूप पुढे चालायचं, अशी सेटिंग करून ठेवली. स्टार्टअपला जे जे आपोआप उघडायचं ते सगळं काढून टाकलं. वीज आली की मशिन स्वतः चालू, पासवर्ड नाही, काही नाही, थेट तिचं पान.

आणि त्या पानावर हिरवा ठिपका सुरुवातीला कुठे असावा, तर पहिल्या चौकोनात. सकाळी तिचे डोळे जड असायचे, म्हणून पहिल्या चौकोनात त्यानं "उठले बरं का" हे वाक्य ठेवलं. डोळे फार फिरवावे लागू नयेत, नुसतं समोर बघितलं तरी चालावं. ठिपका तिथे क्षणभर थांबला की वाक्य बोललं जायचं. तसंच एक पान त्यानं प्रश्नांसाठी केलं. त्यानं आपल्या बाजूच्या कीबोर्डवरची एक कळ दाबली की पडद्यावर दोनच मोठे चौकोन यायचे. वर डावीकडे "हो", खाली उजवीकडे "नाही". इथेही ठिपका पहिल्या चौकोनात बसलेला असायचा. हो आधी आणि नाही नंतर, यात त्याला वेगळं काही वाटलं नाही. जग असंच मांडतं. तिला मात्र वाटलं होतं. तिनं लिहिलं, "मला ओळखता ना? मग नाही वर घ्या." तो हसला, घेतो म्हणाला, आणि राहून गेलं.

मग श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर घरी आले आणि तिच्या उशाशी बसून तिलाच सांगायला लागले, हे त्यांचं चांगलं होतं. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं यंत्र जोडता येईल. जोडलं तर वर्षंही निघतील, पण ते यंत्र कधी सुटणार नाही, आणि पुढे डोळ्यांचीही ताकद गेली तर तुम्ही आत जाग्या आणि बाहेर कुणाशी काही बोलता येत नाही, अशी वेळ येऊ शकते. नाही जोडलं तर दिवस थोडे आहेत, पण त्रास होऊ देणार नाही, तो शब्द माझा. निर्णय तुमचा.

तिनं लिहिलं, "विचार करते."

बंदचालूला काय हवं होतं हे सांगायला नकोच. ती हवी होती. कशीही, कितीही, कुठल्याही तारेला जोडलेली. तो तोंडानं काही बोलला नाही, कारण लांबच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, तिच्यावर दडपण आणू नका. तिचं तिला ठरवू दे." पण तो दिवसातून तीन-चार वेळा सहज विचारल्यासारखं विचारायचा, आणि ती प्रत्येक वेळी लिहायची, "विचार करते." त्याला ते आशेसारखं वाटायचं. तोंडावर नाही म्हणाली नाही ना, मग झालं.

अशातच एका संध्याकाळी तिनं वेगळंच लिहिलं, "रात्री लाल दिवे डोळ्यांत येतात." कॅमेऱ्याच्या पट्टीत बारीक लाल दिवे होते. दिवसा खोलीच्या उजेडात ते दिसायचेही नाहीत, पण अंधारात तिच्या डोळ्यांत टोचायचे. बंदचालूला हायसं वाटलं. श्वासाचं त्याला काही करता येत नव्हतं, दिव्यांचं करता येत होतं! त्यानं रात्री कॅमेऱ्याची वीज तोडायची आणि सकाळी मशिन चालू होताना परत जोडायची, असं लावून दिलं. एकदा करूनही बघितलं. दिवे गेले, दिवे आले. "आता झोप निवांत," तो म्हणाला.

सकाळी नेहमीप्रमाणे मशिन चालू झालं आणि आवाज आला, "उठले बरं का."

त्यानंतर आठवडाभर तिनं काहीच लिहिलं नाही. श्वास कमी पडतोय, दमणूक वाढेल, बोलणं कमी होईल, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बंदचालूला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं. तिला लिहायचे कष्ट नकोत म्हणून तो सगळं हो-नाहीच्या पानावर विचारायला लागला. कूस बदलू का? "हो." पंखा कमी करू? "हो." पाठीला उशी देऊ? "हो." तिच्या डोळ्यांतून मधूनच पाणी वाहायचं. या दुखण्यात डोळे आपोआप पाझरतात असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तो मऊ कापडानं पुसायचा, थेंब घालायचा आणि पुन्हा पडद्याकडे बघायचा. माणूस बोलताना आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. तिचं तोंड आता पडदा झाला होता, तो तिकडे बघत होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, उशी सारखी करता करता, त्यानं श्वास रोखून विचारलं, "ते श्वासाचं यंत्र... लावून घेतेस का गं?"

"हो."

त्याला खरं वाटेना. त्यानं पान मिटून परत उघडलं. "अगदी नक्की?"

"हो."

त्यानं तिच्या छातीवर डोकं टेकवलं आणि हुंदके देऊन रडला. लगेच लेकीला फोन लावला आणि फोन पडद्याजवळ धरून तिसऱ्यांदा विचारलं. पलीकडे लेकही रडायला लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी स्वतः, सावकाश, सगळे परिणाम पुन्हा समजावून विचारलं. बंदचालूनं कळ दाबली. "हो." डॉक्टरांनी मान डोलावली आणि ऑपरेशनचा दिवस ठरवला.

अरे गाढवा! जी बाई साध्या चहाला कधी पहिल्या झटक्यात हो म्हणाली नाही, ती आठवडाभर नंदीबैलासारखी हो हो करतेय, आणि तुला काही शंका येऊ नये? आली होती, पुसटशी. पण आजारपणात माणूस मवाळ होतं, असं त्यानं मनाशी धरलं आणि शंकेला हाकलून दिलं. मनासारखं उत्तर मिळालं की ते कोण तपासून बघतो?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तो हॉस्पिटलची बॅग भरत होता. जेवणं झाली होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो मजेत होता. पुढे श्वासाच्या यंत्राबरोबर कॅमेरा कसा बसवायचा, पलंगाला नवीन दांडा कुठे लावायचा, याची गणितं डोक्यात चालली होती. त्या भरात तो म्हणाला, "गाणं म्हणू का एक?"

त्याच्या गाण्यावर घरात बंदी होती. ती म्हणायची, तुम्ही गळा काढलात की शेजारचे दार वाजवून विचारतात, काही वाईट बातमी आहे का. त्यानं हसत हसत कळ दाबली.

"हो."

"घ्या! आज सूर्य कुठे उगवलाय बाईसाहेबांचा?" तो म्हणाला, आणि टॉवेलची घडी हातात घेऊन गायला लागला. गाताना माणूस पडद्याकडे बघत नाही, ज्याच्यासाठी गातो त्याच्याकडे बघतो. आठवड्यात पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं.

डोळे त्याच्याकडे नव्हते. ते खाली उजवीकडे रुतले होते. मग वर त्याच्या चेहऱ्यावर आले, परत खाली उजवीकडे गेले. परत वर, परत खाली. त्यात पाणी भरलं होतं आणि ते पाझरलेलं पाणी नव्हतं. ती रडत होती.

गाणं त्याच्या तोंडातच थांबलं. ती बघत होती तिथे पडद्यावर "नाही" होतं. हिरवा ठिपका मात्र वर डावीकडे "हो"वर बसला होता, खिळा ठोकल्यासारखा.

"वर बघ," तो म्हणाला. तिनं वर बघितलं. "इकडे बघ. आता तिकडे." तिचे डोळे सांगेल तिथे गेले. ठिपका तसूभर हलला नाही.

त्यानं डिव्हाइस मॅनेजर उघडला. इतर सगळ्या नावांच्या गर्दीत कॅमेऱ्याच्या नावाला पिवळा त्रिकोण चिकटला होता. आत लिहिलं होतं, हे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. खाली तारीख होती. लाल दिव्यांच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. वीज परत जोडली गेली होती, पण कॅमेरा उठलाच नव्हता, आणि मशिननं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं नाही असं त्यानंच बजावून ठेवलं होतं. डोळे सापडत नाहीत म्हटल्यावर ठिपका होता तिथेच बसून राहायचा, पहिल्या चौकोनात, आणि क्षणभर थांबला की बोलायचा. रोजचं "उठले बरं का" तिचं नव्हतं. कूस, पंखा, उशी, यातलं एकही हो तिचं नव्हतं. आणि तेही नव्हतं.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. तो पलंगाच्या कडेला बसला. एक आख्खा आठवडा ही बाई डोळे फाडफाडून नाही म्हणत होती, आणि तो समोर बसून तिचे अश्रू पुसत होता!

आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्याच्या मनात पहिला विचार माफीचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की हे अजून कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी ऐकलंय, लेकीनं ऐकलंय, सगळ्यांनी "हो" ऐकलंय. उद्या गाडी येईल. हा त्रिकोण परवा सापडला असता तर? दुरुस्ती परवा केली तर? ती श्वास घेत असेल. वर्षानुवर्षं असेल. रागावेल, आयुष्यभर बोलणार नाही, पण असेल. त्याचा हात कीबोर्डवर होता आणि तो हात हलत नव्हता. यादी तिच्याच समोरच्या पडद्यावर उघडी होती. पिवळा त्रिकोण तिनंही वाचला होता. ती आता पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. त्याच्या मनात काय चाललंय ते तिला पुरतं कळलं होतं, इतक्या वर्षांत कधी कळलं नाही असं झालं नव्हतं. तिला ओरडता येत नव्हतं, हात धरता येत नव्हता, रुसून बाहेरच्या खोलीत जाऊन बसता येत नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

त्यानं वीज तोडायची सेटिंग काढली. सुरुवातीची जागा बदलली. ठिपका आता पानाच्या मधोमध, रिकाम्या जागेत उभा राहणार होता, तिथे कुठलंच उत्तर नव्हतं. मग त्यानं मशिन बंद करून परत चालू केलं.

झटकन चालू होणाऱ्या मशिनचा त्याला केवढा अभिमान होता. आज त्याला वाटलं, जरा वेळ लागू दे रे. पण त्यानंच सगळी अडगळ काढून रस्ता मोकळा करून ठेवला होता. बघता बघता पान उघडलं, पट्टी जागी झाली, ठिपका थरथरला आणि पळत सुटला. अक्षरामागून अक्षर उमटायला लागलं. सपाट आवाजातली ती सभ्य बाई बोलली, "आधी गाणं बंद."

तो हसला आणि त्याच हसण्याचं रडणं झालं. "चुकलो गं. फार मोठी चूक झाली माझी."

"आठवडाभर ओरडतेय."

"मी बघितलंच नाही तुझ्याकडे."

"माहीत आहे. डोळे पुसा. माझेपण."

त्यानं पुसले, आधी तिचे, मग त्याच कापडानं आपले. पंखा फिरत होता. बॅग अर्धी भरलेली होती. त्याला वाटलं, तिनं विषय काढू नये, आजचा दिवस असाच जाऊ दे. पण ती कधी विषय सोडणारी होती? ठिपका अक्षरांवरून फिरला. "विचारा."

"काय विचारू?"

"विचारा."

त्यानं हो-नाहीचं पान उघडलं, पण या वेळी तो पडद्याकडे बघत नव्हता. तिच्या डोळ्यांकडे बघत होता. "उद्या जायचं का? यंत्र लावून घ्यायला?"

डोळे लगेच गेले नाहीत. आधी त्याच्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मग खाली वळले, उजवीकडे.

"नाही."

तो थांबला. इतकी वर्षं थांबायचा तसा थांबला. टॉवेलची घडी मोडली, परत घातली, तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकलं. तिचे डोळे त्या कोपऱ्यातून हलले नाहीत, आणि दर वेळी पापणी मिटून उघडली की आवाज परत यायचा, "नाही."

"का गं?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. "मी सगळं करेन ना. मला येतं सगळं."

त्यानं अक्षरांचं पान परत आणलं आणि तिनं लिहायला घेतलं. तिला खूप वेळ लागला. मधे दोनदा श्वासासाठी थांबली. तो पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज न करता नुसता बसून होता, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं. शेवटी ते वाक्य खोलीत वाचलं गेलं. "म्हणूनच. तुम्ही थांबणार नाही. नवीन काहीतरी जोडत राहाल. मी दमले हो."

त्यानं तिचा हात हातात घेतला. हात गरम होता, आणि त्यात धरण्याची ताकद नव्हती, म्हणून त्यानं दोघांच्या वाटचा जोर लावून तो धरला. "बरं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. त्या एका शब्दाला त्याच्या आयुष्यातली सगळी ताकद लागली.

संध्याकाळी त्यानं डॉक्टरांना फोन केला. काय झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी मी येतो आणि स्वतः परत विचारतो. त्यांनी विचारलं तरी उत्तर तेच येणार आहे, हे त्याला ठाऊक होतं.

मग त्यानं लेकीला फोन लावला. ती सामान बांधत होती, उद्या हॉस्पिटलमध्येच थेट पोचणार होती. तिला आधी काही कळेना. ती चिडली, मग घाबरली.

"असं कसं, बाबा? आई हो म्हणाली होती. मी कानांनी ऐकलंय. तुम्ही फोन धरला होतात ना तिच्याजवळ?"

"धरला होता."

"मग? आईचंच होतं ना ते?"

"आईचं नव्हतं गं."

"मग कोण म्हणालं हो?"

त्यानं खोलीत नजर टाकली. ती जागी होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

"मीच," तो म्हणाला. "मीच म्हणत होतो, आणि मीच ऐकत होतो."